पत्ता बदललेला नाही

एल्मा कोस्केला यांना मरणाची भीती वाटत नसे. आपण पडू आणि त्या वेळी घरात फक्त रूडी असतील, याची मात्र वाटे. सालो लोकेशन या आमच्या जुन्या खाणवस्तीत हे सगळ्यांना ठाऊक होते, कारण रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी ओतता ओतता त्या ते चारचौघींत बोलून दाखवत. रूडी त्यांचे पती. तांब्याची खाण बंद पडेपर्यंत खाणीत आणि पुढे काउंटीच्या बर्फ सारण्याच्या गाडीवर आयुष्य काढलेले हे गृहस्थ पंचाहत्तरीनंतर हळूहळू विसरू लागले होते. नवे काही त्यांच्या डोक्यात उतरेना. जुने मात्र हातांत टिकून होते. एल्मांनी फोनची निवड कोणत्या काळजीपोटी केली हे कळायचे, तर एवढे ध्यानात ठेवले पाहिजे. त्या थोड्या बेफिकीर असत्या, तर पुढचे इतके वाईट घडले नसते, असे मला अजून वाटते.

बेफिकिरी त्यांच्या स्वभावातच नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी नोकरी केली होती, आणि कोणत्या मुलाला शेंगदाणा चालत नाही, कोणाच्या घशात माशाचा काटा अडकला होता, हे त्यांना ती मुले बाप झाल्यावरही आठवे. घर सोडताना चूल दोनदा पाहणाऱ्या बायका पुष्कळ असतात. एल्मा शेजाऱ्यांचीही पाहत.

नोव्हेंबरात सुपीरियर सरोवरावरून बर्फ येऊ लागले, की गावातली काही म्हातारी जोडपी हाडे शेकायला फ्लोरिडात जातात आणि वसंतात परततात. नळांतले पाणी काढायचे, किल्ली शेजारी ठेवायची, गाडीत वेलदोड्याचे पाव भरून निघायचे, ही इथली जुनी रीत आहे. कोस्केलांची किल्ली समोरच्या घरात, म्हणजे माझ्याकडे असे. तिकडे त्यांचे एका वसाहतीत चाकांवरचे छोटे घर होते. त्यात फोन नव्हता; वसाहतीच्या कचेरीतून बोलावे लागे, आणि एल्मा दर शरद ऋतूत त्या कचेरीचा पत्ता आणि नंबर घरोघरी देऊन जात. पण रूडींना दोन जागी दोन तऱ्हेचे फोन झेपेनासे झाले. दोन्हीकडे एकच फोन हवा, असे एल्मांनी ठरवले.

ही गोष्ट इंटरनेटवरून चालणारे फोन नुकते घराघरांत शिरू लागले होते तेव्हाची. गावच्या कंपनीची तांब्याची तार, टीव्हीच्या केबलवाल्यांची जोडणी आणि टपालाने येणारी एक छोटी डबी, असे तीन पर्याय एल्मांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले होते. मला मुद्दाम बोलावले होते.

"जन्मभर तांब्याच्या तारेवर बोलत आलोय," रूडी म्हणाले. "मीच खणलंय ते. आता काय वाऱ्यावर बोलायचं?"

"तू बोलतोस कधी? फोन वाजला की सौनाच्या वाफेत जाऊन बसतोस."

"तिथं तुझा आवाज पोचत नाही म्हणून." मग माझ्याकडे वळून, माझ्या पीएच.डी.वरून चिडवत, "डॉक्टरीणबाई, तुम्ही सांगा. पण तुम्ही पडला औषध न देणाऱ्या डॉक्टर, तुमचा काय भरवसा!"

"तिला बोलू दे रे जरा. पोरी, ही डबी फ्लोरिडात नेली, तर आमचा हाच नंबर तिथं वाजेल म्हणतात. खरं का?"

खरे होते. केबलवाल्यांची जोडणी घराला खिळलेली. तार तर जमिनीतच पुरलेली. डबी मात्र पिशवीत घालून नेता येत होती. एल्मांनी डबीच्या कंपनीला फोन लावला आणि रूडींना ऐकू यावे म्हणून आवाज मोठा केला. त्यांचे प्रश्न नेमके होते. वीज गेली तर? सोबत बॅटरी ठेवा, पलीकडची मुलगी म्हणाली. मोठ्या बटणांचा जुना फोन त्याला जोडता येईल? येईल. आणि त्यावरचं लाल बटण दाबलं की मदतीचा नंबर लागेल?

"लागेल ना, मॅडम. तुमचा पत्ता आपोआप त्यांच्यासमोर येतो. बोलायचीसुद्धा गरज नाही. फक्त डबी दुसरीकडे नेलीत, तर पत्ता दर वेळी बदलून घ्यायचा. तुम्ही वर्षातले काही महिने दुसरीकडे राहता का?"

एल्मांचा चेहरा कडक झाला. "राहत नाही. जातो."

"मग तिथला पत्ताही नोंदवून ठेवू?"

"मुळीच नाही. आम्हाला पत्ता एकच आहे."

फोन ठेवल्यावर मी काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या, "चर्चमधल्या औनेचं काय झालं ठाऊक आहे ना? तिनं एका मासिकाला तिकडचा पत्ता दिला, आणि करवाल्यांची चौकशी आली, बाई, तुमचं खरं घर कोणतं? राहत्या घराची सवलत गेली असती घरपट्टीतली."

"तो मासिकामुळे झालेला घोळ नव्हता, एल्मा."

"तू म्हणतेस नव्हता. औने म्हणते होता."

कारण तेवढेच नव्हते. खाण बंद पडल्यापासून या गावातून जाणारेच अधिक; 'तो गेला' हे वाक्य इथे मृत माणसाविषयी आणि डेट्रॉइटला नोकरी धरलेल्या माणसाविषयी सारख्याच सुरात उच्चारतात. एल्मांना त्या यादीत बसायचे नव्हते. तिकडचा पत्ता त्यांनी टपाल कचेरीलाही दिला नाही. त्यांची पत्रे माझ्याकडे टोपलीत साठत, आणि त्या फोनवरून मला पाकिटे वाचून दाखवायला लावत.

डबी आली आणि तालीम सुरू झाली. दर शनिवारी सौना झाल्यावर, टॉवेल गुंडाळलेल्या रूडींना फोनसमोर उभे केले जाई. लाल बटणावर बोट ठेवायचे, दाबायचे नाही, आणि म्हणायचे: रूडी कोस्केला बोलतोय, बायको पडली आहे, या.

"आणि मग?"

"मग फोन सोडायचा नाही."

"कधीपर्यंत?"

"ते आत येईपर्यंत."

"कुणी काही सांगितलं तरी?"

"तुझ्याशिवाय कुणी काही सांगितलं तरी."

हा शेवटचा नियम घालायला कारण होते. एकदा रूडी मदत आणतो म्हणून घराबाहेर पडले आणि परतीची वाट विसरले होते. त्यांना एका जागी खिळवून ठेवणे एल्मांना आवश्यक वाटले.

पहिला हिवाळा सुरळीत गेला. इतका सुरळीत, की मंडळी गावात नाहीत याचाच आम्हाला विसर पडू लागला. तोच नंबर फिरवला की त्याच एल्मा बोलत. बर्फ किती पडले विचारत, आपण सांगत असू. पुढच्या शरद ऋतूत त्या निघाल्या तेव्हा पत्ता कोणी मागितला नाही, त्यांनीही दिला नाही.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी कोस्केलांच्या वाटेवर रुग्णवाहिका येऊन रुतली. तिचे लाल दिवे माझ्या भिंतीवर फिरू लागले तेव्हा मी बाहेर धावले. स्वयंसेवक कार्ल निएमी कमरेइतक्या बर्फातून फावड्याने वाट काढत होता.

"चावी आणा, बाई! एल्मा पडल्यात!"

"कार्ल, ते फ्लोरिडात आहेत."

"काहीतरीच काय बोलताय! रूडी आत्ता डार्लीनशी बोलतोय. दार उघडं आहे म्हणतो."

आम्ही दोघांनी दाराकडे पाहिले. वाऱ्याने बर्फ कडीपर्यंत चढवले होते. पायऱ्यांच्या जागी एक गुळगुळीत उतार होता, आणि त्यावर पाऊल तर सोडाच, पाखराचीही खूण नव्हती.

कार्लने खांद्यावरचे बिनतारी यंत्र तोंडाशी नेले. डार्लीन ही काउंटीच्या मदत केंद्रात फोन घेणारी, आमच्याच गावच्या अर्नीची मुलगी. तिने रूडींचा आवाज आम्हाला ऐकू येईल अशी सोय केली.

"रूडीकाका, नीट ऐका. तुम्ही कुठं आहात?"

"घरी. एल्माजवळ."

"कुठल्या घरी? गावातल्या, की फ्लोरिडातल्या?"

"तू अर्नीची पोरगी ना? आमचं घर माहीत नाही होय तुला? लहानपणी आमची सफरचंदं चोरायचीस."

"काका, एल्माकाकू श्वास घेतायत का?"

"घोरतेय. तोंड वाकडं करून घोरतेय."

कार्लने डोळे मिटले.

"काका, आता फोन टेबलावर ठेवा, आणि दारात जाऊन शेजाऱ्याला हाक मारा. कोणीही चालेल."

"नाही."

"फक्त दारापर्यंत."

"फोन सोडायचा नाही. एल्मानं सांगितलंय. तू मघाशी म्हणालीस ना, गाडी दारात पोचली?"

"पोचलीय, काका," डार्लीन म्हणाली.

त्यानंतर जे झाले ते सांगायला सोपे आहे, कारण त्यात फार काही झाले नाही. टपाल कचेरीकडे पत्ता नव्हता, चर्चकडे नव्हता, औनेकडे नव्हता; एल्मांनी पूर्वी दिलेल्या चिठ्ठ्या कोणीच जपल्या नव्हत्या. डबीच्या कंपनीचा माणूस वरिष्ठांना विचारतो म्हणून गेला. गावाच्या नावात 'लेक' आहे, एवढे मला आठवत होते. नकाशा उघडला तर निम्म्या फ्लोरिडाच्या नावात लेक. कोस्केलांचा मुलगा मिनेसोटात लोखंडाच्या खाणीवर पाळीला होता. त्याला निरोप पोचला, त्याने पत्ता सांगितला, आणि तिकडची गाडी निघाली. तोवर रूडींच्या मागचे घोरणे थांबले होते. त्यांनी ते आम्हाला समाधानाने कळवले. म्हणाले, आता शांत झोपलीय.

एल्मांना जूनमध्ये, जमीन मऊ झाल्यावर, गावच्या दफनभूमीत पुरले. घरपट्टीतली सवलत शाबूत होती. घर मुलाने विकले.

रूडी आता काउंटीच्या वृद्धाश्रमात असतात. मी जाते तेव्हा ते मला बहुधा ओळखतात.

"मी फोन सोडला नाही," ते म्हणतात.

"नाही सोडलात."

"ती पोरगी म्हणाली, गाडी दारात आहे. होती का?"

"होती. मी स्वतः पाहिली."

ते मान हलवतात. मग त्यांच्या कपाळावर आठी पडते. "मग एल्मानं दार का नाही उघडलं?"

बर्फ फार होते, असे मी सांगते. ते खरेच आहे, आणि बर्फाचे कारण त्यांना पटते.