बिडी सोडली अन् अंथरूण धरलं

आमच्याकडं पाहुणे आले की यांच्या बिडी सोडण्याचा एखादा किस्सा निघतोच. चहा उकळेपर्यंत एक सांगून होतो, तर कपबश्या विसळताना दुसरा आठवतो. माणूस एकच, बिडी एकच, पण किस्से काही सरत नाहीत!

हे टेम्पो चालवायचे. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यात बिडी. आमची सोनी तेव्हा रांगत होती अन् तिच्या छातीत सारखी घरघर. झोपलेल्या पोरीच्या नाकापुढं मी घडीघडी बोट धरून बघायची.

डॉक्टरांनी सोनीला तपासलं, मग यांचा शर्ट हुंगला. म्हणाले, "औषध पोरीला देऊ का तुम्हाला?"

यांनी खिशातला अख्खा बंडल तिथंच बादलीत टाकला. मी म्हटलं, सुटलो बाई!

"आता काही दिवस तब्येत बिघडेल हं," डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, सोनीची!

*

बिघडली ती यांची. बिडी होती तोवर साधा ठसका नाही, अन् सोडल्यावर रोज सकाळी खोकल्याची उबळ! डोकं धरलंय, तोंड आलंय, घाम सुटलाय. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "बिडीनं समदं दाबून धरलं हुतं बघ. आता उसळलं!"

त्यांनी मीठ-मिरच्यांनी लेकाची दृष्ट काढली. निखाऱ्यावर मिरच्या पडल्या तशी मी सोनीला घेऊन अंगणात पळाले. वळून बघते तर हे त्या धुरावर वाकलेले!

"आये," म्हणतात, "आजून दोन टाक की!"

*

हा सांगायला लाज वाटते, पण सांगते. बिडी ओढल्याशिवाय यांचं पोट साफ व्हायचं नाही. आता सकाळी टमरेल घेऊन ओढ्याकडं जायचे अन् तसंच भरलेलं घेऊन परत यायचे!

शेजारच्या काकूंनी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी हाक मारलीच, "भाऊ, पानी वाया नका घालवू. माझ्या तुळशीला तरी वता!"

*

स्टँडवरचा यांचा दोस्त, रावसाहेब, बिस्किटाचा पुडा घेऊन भेटायला आला.

"काय झालं वहिनी?"

"बिडी सोडली."

त्यानं यांचे खोल गेलेले डोळे बघितले अन् उठून उभा राहिला. "वहिनी, मी बी सोडणार हुतो सोमवारपासनं. पन ह्याची दशा बघून ठरवलं, मरस्तोवर सोडायची न्हाई!"

*

आत्याबाई माझ्या मागं लागल्या. "एकच दे गं. लेकरू लई सुकलं माझं."

माझं लेकरू पाळण्यात, त्यांचं लेकरू खाटेवर! कुणाकडं बघू? टेन्शननं मी दोघांच्याही नाकापुढं बोट धरायला लागले.

यांनी डोळा उघडला. "जित्ता हाय मी. बोट काढ, त्याला तमाखूचा वास येतोय असं वाटतंय!"

*

आता हा ऐका. आमचं गाव शनिशिंगणापूर. इथं घरांना दारं नाहीत, दुकानांनाही नाहीत. न विचारता दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला तर शनिदेव बघून घेतो, ही सगळ्यांची खात्री.

एका दुपारी हे खाटेवरून उठले अन् तडक निघाले. मी सोनीला खांद्यावर टाकून मागोमाग.

शेठचं दुकान सताड उघडं. पुढ्यात फळीवर बिड्यांचे बंडल, अन् शेठ मागं घोरत पडलेला. हे फळीपुढं उभे राहिले. हात पुढं नेला, मागं घेतला. देवाकडं तोंड करून नमस्कार केला. परत हात पुढं! माझा जीव टांगणीला लागला.

सोनी माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती. छातीत घरघर नाही, काही नाही. यांनी वळून तिच्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग एकदम ओरडले, "शेठ! ओ शेठ!"

शेठ धडपडत उठला. "काय देऊ रं?"

"काय बी देऊ नका!" हे घाम पुसत म्हणाले, "आधी दुकानाला दार बसवा!"