खापर सरांचं उत्खनन

खापर सर कधी समोर बघून चालले नाहीत. शाळेत येताना, आठवडी बाजारात, एवढंच काय, कुणाच्या मयतीला जातानाही त्यांची नजर जमिनीवर असायची. नवखा माणूस थांबून विचारायचा, "गुरुजी, काई हरपलं काय?" सर म्हणायचे, "हरपलं नाई बाप्पा, सापडते का पाहून राह्यलो." नांगरटीत वर आलेलं एखादं खापर दिसलं की वाकायचे, रुमालाने पुसायचे आणि शर्टाच्या खिशात टाकायचे. त्यामुळे त्यांचे खिसे कायम फाटलेले आणि त्यांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, ते कायम शिवलेले. खरं नाव हजेरीपटावर होतं. नांदुरा तालुक्यातल्या आमच्या छोट्या गावाला ते फक्त खापर सर म्हणून माहीत होते.

इतिहास शिकवताना त्यांना लढायांचा कंटाळा यायचा. कुणी घडाघडा सनावळ्या म्हणून दाखवल्या, की ते मध्येच विचारायचे, "हे सारं ठीक आहे. पण त्या दिवशी तो जेवला कुठी?" वर्गात ते पुस्तकी मराठी बोलायचे, पण एखादी गोष्ट मनापासून सांगायची झाली की वऱ्हाडीवर यायचे. आम्ही त्याचीच वाट बघायचो.

आम्ही नववीत असताना त्यांनी एका मासिकातून कापलेलं चित्र फळ्यावर चिकटवलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन गावातली एक खानावळ. दगडी ओटा, त्यात गळ्यापर्यंत बसवलेले मोठाले रांजण. "यात शिजवलेली डाळ असे, दारू असे," सर म्हणाले. "लोक येत, ओट्याले टेकून उभे राहत, खात, पेत अन् गावच्या चुगल्या करत. राजवाड्यात राजा घावते. गाव पाह्यचं असंन तर असं हाटेल खणा." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आपल्याकडेही एक आहेच की."

एसटी थांब्यामागे एक चहाचं हॉटेल कित्येक वर्षांपासून पडीक होतं. छप्पर खाली बसलेलं, भिंती ढासळलेल्या. ते बांधलं होतं आमच्या शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या आजोबांनी. अध्यक्षांनी हसत परवानगी दिली. पोरांच्या हातून जागा आयतीच साफ होईल, असं त्यांना वाटलं असावं.

चार रविवार आम्ही तिथं होतो. सरांनी सुतळी बांधून चौकोन पाडले. माझं अक्षर चांगलं म्हणून नोंदवही माझ्याकडे दिली. काय निघालं नाही त्यातून? भट्टीतली कोळशाची राख, सोड्याच्या बाटल्यांची बुचं, कपांचे कान, कुणाचं तरी तुटलेलं जोडवं. भट्टीसमोरची फरशी एका जागी खोलगट झिजली होती. सर तिथं जाऊन उभे राहिले. "पाह्य, मालक इथं उभा राहे. चाळीस वर्षं," ते म्हणाले. एवढे आनंदात मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

चौथ्या रविवारी मागच्या भिंतीच्या बाहेरची माती काढताना सहा कप निघाले. बिनकानाचे, चेपलेले, ॲल्युमिनियमचे. आत एवढ्या कपबशा सापडल्या, पण असा कप एकही नव्हता. आम्ही गोंधळलो. माझ्या शेजारी बसलेली रमा मात्र लगेच म्हणाली, "हे आमचे आहेत." तिचे आबा सांगायचे, की त्यांच्या वस्तीतल्या माणसाने मागच्या बाजूने यायचं, कोनाड्यातला आपला कप घ्यायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा आणि कप आपणच धुऊन उलटा ठेवायचा.

मी नोंदवही मिटली. सर म्हणाले, "मिटू नको. कोणता चौकोन, किती खोल, किती कप, सारं लिही. रमा काय म्हणाली तेही लिही. अर्थ मागूनही लावता येते. लिहिलंच नाही, तर काय लावसान?" मी सगळं लिहिलं.

गोष्ट दोन दिवसांत गावभर झाली. अध्यक्षांच्या दिवाणखान्यात त्याच आजोबांचा हार घातलेला फोटो होता. चौकशी बसली. आदल्या दिवशी माझ्या बाबांनी नोंदवही मागून घेतली आणि अंघोळीच्या बंबात घातली. बाबांची आणि अध्यक्षांची उठबस होती. "आठवत नाई म्हणजो," बाबा म्हणाले, "दुसरं काईच बोलू नको."

कार्यालयात पाच माणसं खुर्च्यांवर बसली होती आणि सर उभे होते. मला विचारलं, "हे कप तिथं सापडले, की तुमच्या सरांनी आणून ठेवले?"

मी म्हणाले, "मला आठवत नाही."

रमाने खरं ते सांगितलं, अगदी कप किती खोल होते तेसुद्धा. तिचं म्हणणं कुणी लिहून घेतलं नाही.

सरांची बदली संस्थेच्या दूरच्या शाखेत झाली. तिथं त्यांना वर्ग दिला नाही. निवृत्तीपर्यंत ते कार्यालयात दाखल्यांची नोंद करत बसले. ज्या माणसाला शिकवण्यावाचून दुसरं काही येत नव्हतं, त्याच्या हातून खडू गेला तो गेलाच.

मी पुढे पुण्यात पुरातत्त्व शिकले. का, ते उघड आहे, पण मी ते कुणाला सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी इटलीतल्या एका जुन्या गावी खोदकामासाठी जायला मिळालं. आमच्या वाट्याला खानावळच आली. तसाच ओटा, तसेच रांजण. एकाच्या तळाशी जळालेल्या डाळीचे दाणे आणि माशांचे बारीक काटे होते. मागच्या खोलीत जाडेभरडे, बिनरंगाचे वाडगे निघाले. पुढचे सगळे रंगवलेले होते. आमच्या प्रमुख बाईंनी विचारलं, "यातून कोण पीत असेल?" गुलाम असतील, चाकर असतील, किंवा ती नुसती रोजची भांडी असतील. आम्ही तिन्ही शक्यता लिहिल्या. लिहिताना माझं पेन थांबलं. बाई म्हणाल्या, "थकलीस का?" मी हो म्हणाले.

परत आल्यावर मी खामगावला सरांच्या घरी गेले. ते खूप वाळले होते, पण आवाज तोच होता. मी फोटो दाखवले. रांजणाचं तोंड केवढं, ओटा कमरेइतका की छातीइतका, डाळ कोणती, सगळं त्यांनी खोदून खोदून विचारलं. काकूंनी दोनदा चहा केला. निघायची वेळ झाली तेव्हा मी कशीबशी म्हणाले, "सर, मला सगळं आठवत होतं."

"मले माहीत आहे ना," ते म्हणाले. "नववीतली पोर तू. बापाच्या घरात राहत होती. त्याचा राग मले कधीच नव्हता." थोडं थांबून त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. "पण मंग तू शिकली, मोठी झाली, पुण्याले गेली. तवा काऊन नाई सांगितलं?"

काकू खिडकीचा पडदा सारखा करत राहिल्या.

"आता लिहून दे," सर म्हणाले. "कुठी सापडले, किती सापडले. अन् रमाचं नाव टाकजो. माझ्यासाठी नाई, नोंदीसाठी."

मी हो म्हणाले. पुण्याला आले आणि अहवालाच्या कामात अडकले. आज लिहू, उद्या लिहू, असं चार महिने चाललं. पोळ्याच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन आला, सर गेले.

तेरावं झाल्यावर मी संस्थेला पत्र लिहिलं. मागच्या भिंतीबाहेर, हातभर खोल, सहा कप. ओळखले रमाने. नोंद केली मी, आणि मी खोटं बोलले. पंधरा दिवसांनी पत्राची पोच आली. आवक क्रमांक, शिक्का, कारकुनाची सही. मी ती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवली. रमा आता नाशिकला असते, तेवढंच मला माहीत आहे. तिचा पत्ता मी शोधते आहे.