बांधावरचा अनोळखी

इंदापूरला आत्याच्या उसात बिबट्या दिसला, तेव्हा मेघनाला आबांची काळजी वाटली. तिचे वडील साहेबराव पिंपळीच्या शेतात एकटेच पाणी द्यायला जात. बारामतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती कंपनांवर संशोधन करायची. उन्हाळ्यात तिनं बांधाखाली सहा सेन्सर पुरले. पाऊल पडलं की माती थरथरते. ती थरथर संगणकावर रेषा होऊन उमटे. महिन्याभरात मशीन आबांना, आई शालनला, कुत्र्यालासुद्धा चालीवरून ओळखू लागलं.

"सरपंचाला न्हाय वळखायचं," आबा म्हणाले. "त्यो पाच वर्सांतनं एकदा येतुया."

गणपतीनंतर मेघनाच्या फोनवर संदेश यायला लागले. बांधावर अनोळखी माणूस. रोज, भर दुपारी.

"मोटार न्यायला टपलाय कोण तरी," शालन म्हणाली.

"मी तितंच असतो की. चिटपाखरू न्हाय."

मेघनानं नोंदी चाळल्या. तीन आठवडे अनोळखी रोज येत होता. आबांची पावलं मात्र कुठंच नव्हती.

मशीन चुकतंय, असं तिनं ठरवलं. नवी पावलं आबांच्या नावावर चढवली. संदेश थांबले.

दिवाळीनंतर संदेश पुन्हा आले.

तिनं रजा काढली. उष्णता टिपणारा कॅमेरा घेऊन उसात उभी राहिली. वारा पडला होता. पानही हलत नव्हतं. फोन थरथरला. अनोळखी, वीस पावलांवर.

पडद्यावर एक पिवळी आकृती आली. पाय उचलत नव्हती, घासत होती. डावा हात झुलत होता. उजवा दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा अंगाला चिकटला होता.

आकृती थांबली.

"मेघे, उसात काय करतीस गं?"

संध्याकाळी तिनं पावलांच्या दोन रेषा आबांपुढं ठेवल्या.

"ह्यो कोण?"

"तुमी. उन्हाळ्यातले."

"आन् ह्यो?"

"तुमीच. आत्ताचे."

आबांनी दाराशी काढलेल्या चपलांकडं बघितलं. "मला वाटलं चप्पल ढिली झाली. दोनदा शिवून घेतली."

"मधी मीच मशीनला गप्प केलं, आबा. महिना गेला त्यात. तेवढ्यात तुमची चाल अजून बदलली. उद्या पुण्याला जायचं. मेंदूच्या डॉक्टरकडं."

"उद्या पाणी हाय उसाला."

"आबा."

"बरं, जाऊ." त्यांनी पडद्यावर बोट टेकलं. बोट हलत होतं. "पर आता ह्याला माजं नाव नगं लावूस. अनोळखीच म्हनू दे. किती लांब गेलो, ते तरी कळंल."

ते उठले. पहिलं पाऊल निघेना. मेघना शेजारी उभी राहिली आणि वाट बघू लागली.