अविनाशच्या वाट्याचं आकाश

अविनाश गेल्याचं मला त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवरून कळलं. त्याच्या बायकोचा, सुनंदाचा, फोन लागत नव्हता. तिच्या शेजारणीनं मेसेज पुढं पाठवला होता. ‘आपले लाडके अविनाश सर यांचे पहाटे दुःखद निधन. अंत्ययात्रा दुपारी. पाण्याचा टँकर ठरल्याप्रमाणे येईल, सर्वांनी सहकार्य करावे.’ देवगाव रंगारीच्या घरात ओट्याशी उभी राहून मी तो दोनदा वाचला. माझ्या धाकट्या भावाचं मरण आणि टँकर, एका दमात... त्या लोकांकडून मला वेगळी अपेक्षाही नव्हती.

अविनाश पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. शहरातल्या पुंडलिकनगरात त्यानं फ्लॅट घेतला तेव्हा गच्चीवरून लांबवरचं दिसायचं. पुढं शहर असं फुगलं, की चारी बाजूंनी इमारती आल्या, बोअर आटले, आणि उरलं ते डोक्यावरचं आकाश. त्याला तेवढंच हवं होतं. गच्चीच्या एका कोपऱ्यात त्यानं बशीएवढी ॲन्टेना मांडली, तिची वायर खाली घरात नेली आणि साबणाच्या वडीएवढ्या रेडिओला जोडली. हा रेडिओ नुसता आकाशातलं गोळा करायचा. त्यातलं निवडायचं काम कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम करायचा. मोबाइलला रस्ता दाखवणारे उपग्रह असतात ना, त्यांचे आवाज. अमेरिकेचे, युरोपचे, चीनचे आणि आपले, असे चारही ताफे एका ठरावीक लहरीवर बोलतात, रशियाचे तेवढे जरा बाजूला बसतात, असं तो सांगायचा. सगळे एकदम बोलले तर गोंधळ नाही का होत, असं मी विचारलं होतं. तो हसला. “लग्नाच्या मांडवात कितीबी कालवा असू दे, आईनं हाक मारली की कळायचं ना आपल्याला? प्रत्येकाची खूण वेगळी असती, अक्का. ती ठाऊक पायजे, बास.”

त्याला निवृत्त व्हायचं होतं त्या वर्षी. शेवटच्या बॅचला गच्चीवर न्यायचं आणि एवढ्याशा रेडिओवर चारही ताफे एका पडद्यावर दाखवायचे, एवढी एकच हौस त्यानं धरली होती. हे महागड्या परदेशी यंत्रांनाच जमतं असं पोरांना वाटतं, ते डोक्यातून काढायचंय, म्हणायचा.

मग दुष्काळ आला. नळाचं पाणी आठवड्याला, तेही येईल तर. गच्चीवर प्रत्येकानं आणखी एकेक काळी टाकी चढवली, आणि त्यांची रांग नेमकी अविनाशच्या कोपऱ्याच्या पूर्वेला लागली. त्या लहरीवर बोलणारा आपला एकच उपग्रह, तो त्याच बाजूला, खालच्या अंगाला असतो. टाकी रिकामी असली की प्लास्टिकमधून त्याचा आवाज यायचा. भरली की पाणी तो गिळून टाकायचं. ॲन्टेना उंच पाइपवर चढवू द्या, म्हणून त्यानं कमिटीला विनवलं. वीज पडेल, म्हणाले. बिचारा पाणी यायच्या आधीचा दिवस धरून बसू लागला.

अशाच एका दुपारी जिन्यात तो एका विद्यार्थ्याला फोनवर म्हणाला, “लवकर या. आज टाक्या रिकाम्या हायेत, आज लई छान जमंल.” वर बादल्या वाहणाऱ्या बाईनं तेवढंच ऐकलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगमध्ये झालं, की सरांना टाक्या रिकाम्याच हव्यात. कुणी म्हणालं, त्या यंत्रामुळंच ढग पांगतात. शिकलेली माणसं बरं का ही, बँकेतली, कोर्टातली. बायकांच्या कमरा मोडत होत्या, हे मला मान्य आहे. पण याच माणसानं बिल्डिंगमधल्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या कळशा तिसऱ्या मजल्यापर्यंत वाहिल्या होत्या, ते कुणाला आठवलं नाही.

मी तेव्हा त्यांच्याकडं आले होते, कमिटीच्या मीटिंगला सुनंदासोबत बसले. अविनाश पडदा, वायरी, सगळं समजावून सांगत राहिला. सेक्रेटरींनी मध्येच तोडलं, “सर, यंत्र खाली घ्या. लोकांना पाणी पायजे, तुमचे उपग्रह नाय.”

“मी काहीच पाठवत नाय हो,” अविनाश म्हणाला. “मी नुसतं ऐकतो.”

सेक्रेटरींनी टँकरचा विषय पुढं घेतला. दुसऱ्या दिवशी त्यानं पोरांना येऊ नका म्हणून कळवलं आणि ॲन्टेना घरातल्या गॅलरीत ठेवली. गॅलरीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि आकाशाची एक पट्टी दिसायची. पडद्यावर कधी एक यायचा, कधी दोन. चारही कधी नाही. बॅच निघून गेली, निरोपसमारंभ झाला, शाल-नारळ मिळालं. डॉक्टर म्हणतात हृदयविकार. डॉक्टर खरंच सांगत असतील... पण त्या मीटिंगनंतर तो जिन्यात कुणाशी बोलायचा नाही, आणि हे कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

तेराव्याला सेक्रेटरी आले. हात जोडून म्हणाले, “अक्का, सोसायटीनं ठरवलंय. नव्या टाकीवर सरांच्या नावाची पाटी लावू. आन् तो कोपराबी मोकळा करून देतो. त्यांची ॲन्टेना तिथं आठवण म्हणून राहू द्या.” आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. सुनंदा रडायला लागली. मी पानं वाढायला उठले, कारण बोलले असते तर त्या घरातून जेवून कुणी गेलं नसतं.

सुनंदाला विचारून मी ॲन्टेना, रेडिओ, कॉम्प्युटर, सगळं इकडं गावी आणलं. रेडिओ कसा चालू करायचा, हे अविनाशनं मला दिवाळीत शिकवलं होतं. आमच्या स्लॅबवर आड काही नाही. पहिल्याच सकाळी पडद्यावर ओळी उमटत गेल्या. अमेरिकेचे, युरोपचे, चीनचे, आणि पूर्वेचा तो खालच्या अंगाचा आपलासुद्धा. चारही. मी एकटीच बघत बसले.

सेक्रेटरींचा परवा पुन्हा फोन आला, पाटी तयार आहे म्हणून. ॲन्टेना मिळणार नाही, असं सांगितलं. झालं गेलं विसरा, म्हणाले. विसरणार नाही. माझ्या भावानं त्यांच्याकडं पाण्याचा थेंब मागितला नव्हता, गच्चीवरचा हातभर कोपरा मागितला होता, आणि तो त्यांनी त्याला मेल्यावर दिला.