हुंदक्याचा ठेका

शाम राठोड लाजला, असं मी पुसदात कुणाला सांगितलं तर लोक मलाच वेड्यात काढतील. पिकअपवर स्पीकरची भिंत उभी करून वरातीतल्या म्हाताऱ्यांनाही नाचवणारा गडी हा. बसस्टँडच्या मागे माझं मोबाइलचं दुकान आहे आणि त्याला लागूनच त्याचं साउंडचं. त्याच्या आवाजामुळे माझं अर्धं गिऱ्हाईक पळतं, पण शेजारी आहे, शिवाय शाळेपासूनचा दोस्त, त्यामुळे खपवून घेतो.

खरं तर तो लाजतच मोठा झाला. तांड्यावरून सायकलनं शाळेत यायचा. त्याची आई रुपीबाई कधी आरशांचा घागरा घालून डबा द्यायला आली, की हा मागच्या दारानं पसार व्हायचा. एकदा गुरुजींनी विचारलं, कोण रे ती? तर म्हणाला, आमच्याकडची एक बाई आहे. घरात बंजाऱ्यांची गोर बोली बोलायचा आणि शाळेत इतकी शुद्ध मराठी, की आमची वऱ्हाडी त्याच्यापुढे गावंढळ वाटायची. कॉलेजात त्यानं लोकगीतांतून समाज कसा दिसतो यावर भाषण ठोकलं, टाळ्या घेतल्या. कोकणापासून खानदेशापर्यंत सगळी गाणी त्यात आली, फक्त स्वतःच्या आईची आली नाहीत.

मग वारं फिरलं. गाड्यांच्या काचांवर 'गोर' असं झोकात लिहिलेलं दिसू लागलं. पोरं आपल्या बोलीतली गाणी मोबाइलवर मोठ्यानं लावू लागली, आणि लाजायचं सोडून मिरवायचे दिवस आले. हे चांगलंच झालं. शामनंही गोर गाणी बनवायला घेतली. म्हटलं, "बोली खपायला लागली म्हणून तुले तिचं प्रेम आलं." तो म्हणाला, "तू जळून राह्यला." थोडा जळत होतोही.

त्याच्या ज्या गाण्यानं जिल्हाभर धुमाकूळ घातला, ते मुळात गाणं नव्हतंच. बंजाऱ्यांमध्ये मुलगी सासरी निघाली की ढावलो म्हणते. एकेकाच्या गळ्यात पडून, रडत रडत, सुरात. आईसाठी वेगळे शब्द, बापासाठी वेगळे, भावासाठी वेगळे. ज्याच्या गळ्यात पडली त्यानं तिला उत्तर द्यायचं. आजकालच्या मुलींना ते येत नाही. त्या नुसत्या डोळे टिपतात आणि गाडीत बसतात.

शामनं रेकॉर्डिंगसाठी आईला ढावलो म्हणून दाखवायला सांगितलं. रुपीबाई म्हणाल्या, ते असं बसून म्हणता येत नाही, गळा लागतो. मग या पठ्ठ्यानं स्वतःचा गळा दिला. त्या त्याच्या गळ्यात पडल्या आणि म्हणू लागल्या. ऊसतोडीला गेल्या असताना त्यांची आई गेली होती, शेवटचं तोंडही पाहायला मिळालं नव्हतं. ते सगळं त्या म्हणण्यात आलं. 'याडी ये' म्हणून त्यांनी मेलेल्या आईला हाक मारली आणि मोठा हुंदका दिला. शामनं तो हुंदका तेवढा कापून घेतला, त्याचा ठेका केला आणि खाली ढोल टाकला. 'याडी ये' म्हटलं की तो हुंदका लागोपाठ वाजायचा, आणि पोरं त्यावर खांदे उडवत तोंडानं 'हुंक, हुंक' करायची. पुसदपासून नेरपर्यंत एकही वरात त्याशिवाय निघेना.

आईला त्यानं फक्त सुरुवात ऐकवली, ढोल पडायच्या आधीची; तांड्यावर ते गाणं तो वाजूच देत नसे. त्या खूश झाल्या. माझ्या आईचं नाव लोकांच्या कानावर गेलं, असं तांड्यात सांगत फिरल्या. पुढचं काहून नाही ऐकवलं, असं मी विचारलं तेव्हा त्यानं स्पीकरची वायर गुंडाळायला घेतली. म्हणजे कळत त्याला तेव्हाही होतं.

यंदा त्याच्या धाकट्या बहिणीचं, बबिताचं, लग्न ठरलं. रुपीबाईंचा एकच हट्ट होता: माझी पोर मुकी जाणार नाही, ढावलो म्हणत जाईल. बबिता नर्सिंग शिकलेली, पुण्यात नोकरी करणारी. मला वाटलं, नाक मुरडेल. उलट सुट्टी काढून आली आणि कापूस वेचता वेचता आईकडून ओळ न् ओळ शिकली. "भिया, तुह्यासाठीचे शब्द मीच जोडले," ती शामला म्हणाली, "आत्ता नाही सांगत, त्या दिवशीच आयकजो." त्या घरातलं बोलणं गोर बोलीतलं; मला समजतं, म्हणून आपल्या भाषेत सांगतो आहे.

शाम माझ्या दुकानात येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. म्हणाला, "लग्नात ते गाणं वाजू देणार नाही. माह्या पोरांना ताकीद दिली." मी म्हटलं, "बुढीले सांगून टाक ना सरळ." तो म्हणाला, "कोणत्या तोंडानं सांगू?" आणि नाहीच सांगितलं.

लग्न दुपारी लागलं. जेवणं झाली, निघायची वेळ झाली. गाडी तांड्याच्या तोंडाशी उभी होती. स्पीकर शामनं स्वतः बंद केले होते. बबिता आईच्या गळ्यात पडली आणि तिनं सूर लावला. आवाज बारीक, कापरा, पण खरा. म्हाताऱ्या बायांनी डोळ्याला पदर लावले. "याडी ये," बबिता म्हणाली आणि तिला हुंदका फुटला.

"हुंक, हुंक," मागून कुणीतरी केलं.

नवरदेवाचे दोस्त होते ते. वाईट मनानं नाही केलं त्यांनी. ओळखीचं गाणं लागलं असं त्यांना वाटलं, इतकंच. दुसऱ्यानं ठेका धरला, तिसऱ्यानं खांदे उडवले, कुणी शिट्टी मारली. एक जण तर शामच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "दादा, तुमचंच ना हे? आज तं लाइव्ह." शामनं त्याच्याकडे असं पाहिलं की पोरगं बावरलं.

बबिता पुढची ओळ म्हणायला गेली. पुन्हा हुंदका आला आणि पुन्हा 'हुंक, हुंक' झालं. काय करावं ते तिला कळेना, आणि ओशाळून ती हसली. सासरी निघालेली मुलगी, डोळ्यांत पाणी, आणि हसते आहे.

"काय करून राह्यले ते?" रुपीबाईंनी विचारलं.

"तुह्यावालं गाणं आहे याडी," बबिता म्हणाली. "शामभियानं केलेलं. सगळीकडे नाचतात त्याच्यावर."

रुपीबाईंनी पोरांकडे पाहिलं. मग शामकडे. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. आपला मुलगा आपल्याला ओळखत नाही, हे बाईला शाळेच्या दारातही ठाऊक होतं, असं मला त्या वेळी वाटलं. आज मात्र आपणच त्याला ओळखत नाही, असं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. शाम तिथंच मातीत मिसळून गेला असता तर त्याला सुटल्यासारखं झालं असतं.

आता भावाची पाळी होती. बबिता त्याच्यापाशी आली, त्याच्या गळ्यात हात टाकले. तो वाट पाहत उभा राहिला.

"म्हण ना," तो म्हणाला.

"राहू दे भिया. हसतील." बाजारात जाऊन येते म्हणावं तसं तिनं "येते" म्हटलं आणि गाडीत बसली. त्याच्यासाठी जोडलेले शब्द तिच्याबरोबर गेले. शाम रस्त्याच्या मधोमध उभा राहून ढसाढसा रडला, आणि त्याला समजवायला एकही बाई पुढे झाली नाही.

धूळ बसल्यावर तांड्यातल्याच सेवादासची बायको आपल्या मुलीला घेऊन रुपीबाईंजवळ आली. त्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. ती रोज ढावलो शिकायला यायची.

"काकी, उद्यापासून नाही पाठवत हिले," ती म्हणाली. "लोक नाचतात त्याच्यावर. आपली पोर कायले हसू करून घ्यायची?"

शाम दोन हातांच्या अंतरावर उभा होता, त्यानं ऐकलं. रुपीबाई काही म्हणतील असं आम्हाला सगळ्यांनाच वाटलं. त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "नको पाठवू."