गेटपास फायनल फायनल नवीन

आमच्या डिपार्टमेंटचे किस्से कुणी मुद्दाम गोळा केलेले नाहीत. संध्याकाळी चाकणहून रहाटणीला येताना कंपनीची बस मोशीला हमखास अडकते, आणि अडकलेल्या बसमध्ये माणसं दुसरं करणार तरी काय? एकाने एक सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. माझ्याकडे जरा जास्त साठलेत, कारण मी जास्त चिडते. चिडलेल्या माणसाच्या सगळं नीट लक्षात राहतं!

आमच्या कंपनीत गाड्यांच्या सीटच्या फ्रेम बनतात. मालाने भरलेला ट्रक गेटपास छापल्याशिवाय बाहेर पडत नाही, आणि गेटपास छापतं जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेलं एक वेब ॲप्लिकेशन. ते सांभाळायला आम्ही तिघं. कांबळेसाहेब आमचे प्रमुख. पिंपरीत वाढलेले, वडील कारखान्यात फिटर होते, त्यामुळे शॉप फ्लोअरवरच्या माणसाचा खोळंबा झालेला त्यांना अजिबात खपत नाही. दुसरी मी, वैशाली. तिसरा बालाजी, लातूरकडचा. ॲप्लिकेशनमध्ये बदल करायचे, ते सर्व्हरवर चढवायचं आणि त्याच्या सेटिंग्ज लावायच्या, हे सगळं तो करतो. म्हणजे ॲप्लिकेशनने डेटा कुठून घ्यायचा, किती वेळाने लॉगआउट करायचं, कुठल्या पत्त्यावर उघडायचं, वगैरे. पोरगा हुशार, पण घाई फार.

बालाजी तेव्हा कॉन्ट्रॅक्टवर होता, आणि त्याचं लग्न त्यावरच अडलं होतं. मुलगी पसंत, मुलीला हा पसंत, पण मुलीचे वडील एकच वाक्य बोलायचे, "पर्मनंट झालात की कळवा." ताथवड्यात भाड्याच्या खोलीत राहणारा हा गडी रोज सकाळी आल्या आल्या विचारायचा, "साहेब, काही कळलं का?" आणि कांबळेसाहेब रोज म्हणायचे, "बालाजीराव, कागद वर गेलाय."

•

गेटवर आमचा संबंध येतो तो मुंगसेभाऊंशी. डिस्पॅचचे सुपरवायझर. इथलेच, चाकणजवळच्या गावातले. कंपनी उभी राहिली त्या जमिनीत लहानपणी त्यांनी कांदे काढलेत, त्यामुळे कंपनी आपलीच आहे असं ते वागतात.

ॲप्लिकेशन नव्याने चढवायचं म्हणजे थोडा वेळ ते बंद ठेवावं लागतं. तेवढ्यात ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे. यावर मुंगसेभाऊंनीच तोडगा काढला. आम्ही फोन केला की ते ओरडणार, "चला, चहा घ्या रे!" ड्रायव्हर कँटीनला, आम्ही सर्व्हरवर. चहा संपेपर्यंत गेट चालू. आमच्याकडे वेळ मोजायची पद्धतच ती. "किती वेळ लागेल?" असं कुणी विचारलं की उत्तर "एक चहा" किंवा "चहा आणि बिस्कीट".

एकदा बरेच दिवस आम्ही काहीच बदललं नाही. सगळं सुरळीत. तर एक ड्रायव्हर काचेतून डोकावून मला म्हणतो कसा, "काय मॅडम, आजकाल तुमचं काम बंदच आहे का?"

•

मग काळेप्रकरण झालं.

मुंगसेभाऊंची तक्रार होती की ॲप्लिकेशन सारखं लॉगआउट होतं. माल मोजून परत येईपर्यंत पुन्हा पासवर्ड मागतं. रास्त होती तक्रार. बालाजी म्हणाला, "करायलोय की मॅडम, अर्ध्या तासाचं करून टाकतो." त्याने सेटिंगमध्ये अठराशे लिहिलं. अठराशे सेकंद म्हणजे अर्धा तास, हिशेब बरोबर. पण ती सेटिंग सेकंद मोजत नाही, मिनिटं मोजते!

पहिल्या शिफ्टच्या काळेने सकाळी लॉगिन केलं आणि तो घरी गेला. दुसरी शिफ्ट आली, तिसरी आली, दुसरा दिवस उजाडला. ॲप्लिकेशनने कुणालाही पासवर्ड विचारला नाही. सगळे खूश! प्रत्येक गेटपासवर सही करणाऱ्याचं नाव मात्र काळे.

आम्ही कपाळाला हात लावून बसलो होतो, तेवढ्यात खुद्द काळे एचआरच्या दारात ओव्हरटाइम मागायला हजर. एचआरवाले म्हणाले, "अहो, तुम्ही तर घरी होतात!"

काळे म्हणाला, "मला पण तसंच वाटत होतं. पण सिस्टीम म्हणतेय तर असेन."

•

कांबळेसाहेब त्या दिवशी भयंकर तापले. त्यांनी नियम काढला की शिफ्ट संपली की गेटचा कॉम्प्युटर आपोआप बंद होणार आणि त्यात साठलेलं सगळं पुसलं जाणार. नवा माणूस येणार, पत्ता टाइप करणार, आपल्या नावाने लॉगिन करणार. नियम चांगलाच होता. पण आता दर शिफ्टला पत्ता टाइप करणं आलं.

इथे एक सांगायला हवं. आमच्या सर्व्हरवर जी फाइल चढवायची, तिचं जे नाव तोच ॲप्लिकेशनचा पत्ता होतो. आणि बालाजीने त्या आठवड्यात एकाच बदलाच्या चार फाइली केल्या होत्या. पहिली गेटपास, मग गेटपास फायनल, मग गेटपास फायनल फायनल. शेवटी त्यातही चूक सापडली म्हणून गेटपास फायनल फायनल नवीन. तीच चढली. इंग्रजी अक्षरांत, मध्ये खालच्या रेघा घालून, लांबलचक!

मी म्हटलं, "बालाजी, हे काय नाव आहे का? उद्या नीट कर."

"उद्या नक्की करतो मॅडम."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेटवर गेलो आणि जागच्या जागी थिजलो. त्याच दिवशी सेफ्टीचा पेंटर "हेल्मेट घाला" रंगवायला आला होता. मुंगसेभाऊंनी त्याला धरून पत्ता भिंतीवर रंगवून घेतला होता. पिवळा ऑइल पेंट, वीतभर अक्षरं, खाली ठसठशीत पट्टा. आणि एकाच ठिकाणी नाही! मेन गेट, मागचं गेट, वजनकाटा आणि माल चढवायचे दोन्ही डॉक.

"बगा मॅडम," मुंगसेभाऊ छाती फुगवून म्हणाले, "आता कुनी इचारनार न्हाई. धा वर्षं हालत न्हाई हा रंग."

बालाजी माझ्याकडे बघेना. मी कांबळेसाहेबांकडे बघितलं. साहेब बराच वेळ भिंत वाचत राहिले आणि म्हणाले, "राहू द्या आता. नाव बदलायचं नाही."

पुढे ऑडिटर आले. त्यांनी भिंतीचा फोटो काढला आणि रिपोर्टमध्ये तिचं कौतुक केलं. झालं! तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक बदल त्याच नावाने चढतो, म्हणजे कितीही जुना असो, तो नवीनच असतो.

•

हत्तीचं मात्र हसण्यावारी गेलं नाही.

आमच्याकडे सरावासाठी ॲप्लिकेशनची वेगळी प्रत असते. तिला वेगळा, खोटा डेटा जोडलेला असतो. बालाजीने एकदा नव्या सेटिंग्ज लावताना खऱ्याच डेटाचा पत्ता तिथे लिहिला आणि आपण सरावात आहोत अशा समजुतीने मनसोक्त गेटपास बनवले. वाहनाचा प्रकार, हत्ती. माल, गूळ. मुक्काम, लातूर.

ते सगळे मुंगसेभाऊंच्या प्रिंटरवर छापले गेले.

मला फोन आला. आवाज एकदम गंभीर. "मॅडम, डॉक मोकळा करून ठिवलाय. मागं चार गाड्या थांबवल्यात. हत्ती मागनं लावायचा का पुढनं?"

मी हसले. मग लक्षात आलं की गाड्या त्यांनी खरंच थांबवल्यात! सिस्टीमने सांगितलं की भाऊ पाळणार, त्यात ते स्वतःचं डोकं चालवत नाहीत. ग्राहकाकडे माल उशिरा गेला, तिकडून हेड ऑफिसला बोंब गेली, आणि हेड ऑफिसने कांबळेसाहेबांना स्पष्ट कळवलं की आयटीमुळे गेट आणखी एकदा थांबलं तर हे काम बाहेरच्या एजन्सीला देऊ. एजन्सीला काम गेलं असतं तरी साहेब आणि मी कुठेतरी राहिलो असतो. बालाजी नाही. त्याचा पर्मनंटचा कागद तिथेच थांबला.

पोराने दोन दिवस डबा उघडला नाही. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय म्हणून मी त्याला आणखी ओरडले. माझा स्वभावच मेला तसा!

•

त्यातच घड्याळाची गंमत. सर्व्हर अपडेट झाला तेव्हा वेळेची सेटिंग परदेशी पडली, भारताच्या साडेपाच तास मागे. दुपारी तीनला निघालेल्या ट्रकच्या पासवर सकाळचे साडेनऊ!

आम्हाला कळायच्या आत ग्राहकाचा मेल आला. विषय, अभिनंदन. तुमचा माल हल्ली वेळेच्या कितीतरी आधी निघतोय, अशीच प्रगती राहू द्या.

कांबळेसाहेबांनी मेल वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. उभ्या आयुष्यात लबाडी न केलेला माणूस. अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "वैशालीताई, हे दुरुस्त करणं फार गरजेचं आहे का?"

केलं अर्थातच, त्यांनीच करायला लावलं. पुढच्या आठवड्यात ग्राहकाचा फोन, "तुमचं मध्येच काय बिघडलं हो?"

•

आणि मग एजन्सी आलीच. हेड ऑफिस म्हणालं, एकदा त्यांना ॲप्लिकेशन नव्या सर्व्हरवर चढवू तर द्या, गेट सुरळीत चाललं तर महिनाअखेर काम त्यांचं.

एजन्सीचे तज्ज्ञ आले. इस्त्रीचा शर्ट, दोन लॅपटॉप, वागणं सभ्य. त्यांनी बालाजीकडून सगळ्या सेटिंग्ज समजून घेतल्या. स्वतःचीच खुर्ची दुसऱ्याला द्यायची होती, तरी बालाजीने एक गोष्ट लपवली नाही. शेवटी तो म्हणाला, "सर, फाइलचं नाव तेवढं बदलू नका."

तज्ज्ञांनी नाव वाचलं आणि त्यांना हसू आवरेना. "अहो, असं नाव कुणी ठेवतं का? आमच्याकडे स्टँडर्ड असतं."

"सर, खाली भिंतीवर..."

"भिंतीचं आपण नंतर बघू."

मला इतका संताप आला होता की मी उठून पाणी प्यायला गेले.

चढवायचा दिवस, सकाळची वेळ. मोठे साहेब, म्हणजे आमचे डायरेक्टर, मुद्दाम बघायला आलेले. मुंगसेभाऊंनी आरोळी दिली, "चला, चहा घ्या रे!" चहा संपला. तज्ज्ञ म्हणाले, "झालं!" पडद्यावर सगळं हिरवंगार.

आणि खाली गेट बंद.

दुसरा चहा झाला. बिस्किटं झाली. ट्रकची रांग गेटबाहेर रस्त्यावर गेली आणि हॉर्न वरपर्यंत ऐकू यायला लागले. मोठे साहेब तडक खाली, मागे आम्ही सगळे. मुंगसेभाऊ भिंतीकडे बघत एका बोटाने एकेक अक्षर टाइप करत होते, आणि दर वेळी पडद्यावर यायचं, असं काही इथे नाही.

तज्ज्ञ म्हणाले, "भिंतीवरचा पत्ता चुकीचा आहे!"

मुंगसेभाऊ सावकाश वळले. "भिंत कशी चुकंल सायेब? आडिट झालंय तिचं."

मोठ्या साहेबांनी विचारलं, "भिंत बदलायला किती वेळ?"

"पाच भिंती हायेत. आन् पेंटर जत्रंला गेलाय."

"आणि फाइलचं नाव बदलायला?"

मागून बालाजीचा आवाज आला, "एक चहा, सर."

मोठ्या साहेबांनी तज्ज्ञांकडे बघितलंसुद्धा नाही. "कर."

ड्रायव्हर तिसऱ्या चहाला गेले. बालाजीने तज्ज्ञांचा एक लॅपटॉप ओढून घेतला, मी शेजारी उभी राहून एक अवाक्षर बोलले नाही, आणि माझ्यासाठी ते किती कठीण होतं ते मलाच ठाऊक. नाव बदललं, फाइल चढली. मुंगसेभाऊंनी भिंत बघून पत्ता टाइप केला आणि प्रिंटर खरखरला. पहिला ट्रक हलला तेव्हा मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू!

मोठे साहेब भिंतीसमोर उभे राहून म्हणाले, "हे नाव ठेवलं कुणी?"

बालाजीने मान खाली घालून हात वर केला.

"कॉन्ट्रॅक्टवर आहेस?"

तो तोंड उघडायच्या आत कांबळेसाहेब म्हणाले, "साहेब, त्याचा कागद तुमच्याच टेबलावर आहे."

तो कागद खाली आला, सहीनिशी. एजन्सी परत गेली. बालाजीने लातूरला फोन लावला तेव्हा मुलीचे वडील फक्त "मग या" एवढंच म्हणाले, आणि हा पठ्ठ्या ते वाक्य आठवडाभर सगळ्यांना ऐकवत फिरला.

महिन्याभराने आमच्या ग्रुपवर त्याने लग्नाची पत्रिका पाठवली. थोड्या वेळाने मुहूर्त चुकीचा छापला म्हणून दुसरी. मग मामांचं नाव राहिलं म्हणून तिसरी. संध्याकाळी, बस मोशीला अडकलेली असताना, चौथी आली. फाइलचं नाव होतं, पत्रिका फायनल फायनल नवीन.

त्याखाली लगेच मुंगसेभाऊंचा मेसेज आला, "भावा, नक्की हीच ना? पेंटर आलाय."