मोजे कारखान्याची टीम

तिला सगळे थोरली म्हणत. दोघी बहिणी एकाच कारखान्यात, एकाच पाळीला, एकाच टेबलाशी कामाला लागल्या, तेव्हा मुकादमीण बाईंनी नावं पाठ करायच्या भानगडीत न पडता एकीला थोरली केलं, दुसरीला धाकटी, आणि मोकळ्या झाल्या. पुढे टीम झाली, टीमला पगार सुरू झाला, वर्तमानपत्रात फोटो यायला लागले, तरी ते नाव काही सुटलं नाही.

कारखाना मोज्यांचा. थोरलीचं काम जोड्या लावायचं. यंत्रातून पडलेल्या ढिगातून एका मापाचे दोन मोजे उचलायचे, टाचेला टाच लावायची, घडी घालायची, वर कागदाची पट्टी गुंडाळायची. दुपारच्या सुट्टीत बायका मागच्या आवारात जमत. तिथे रंगवलेलं सूत वाळत घालायची लांब दोरी होती. त्या दोरीवरून चेंडू इकडून तिकडे टोलवायचा, एवढाच खेळ. दोरीवर सूत असलं की पलीकडच्यांचे चेहरे दिसायचे नाहीत, नुसते पाय दिसायचे. कोण कुठल्या पायावर भार देऊन उभी आहे ते बघून चेंडू कुठे टाकायचा हे थोरली तिथेच शिकली.

यंत्रं दुरुस्त करणारा मिस्त्री तरुणपणी व्हॉलीबॉल खेळलेला. एक दिवस तो खिडकीत चहा पीत उभा राहिला आणि पाळीचा भोंगा झाला तरी तिथेच. मग मोठ्या साहेबांकडे जाऊन म्हणाला, "साहेब, एक खरं नेट घेऊन द्या. बाकीचं मी बघतो."

अशी टीम झाली. थोरली चेंडू उचलून द्यायची आणि धाकटी उडी मारून तो पलीकडे हाणायची. धाकटी उंच, डावखुरी आणि तोंडाने फटकळ. थोरली बुटकी आणि गप्प. मेणबत्तीवाल्यांना हरवलं, बिस्किटवाल्यांना हरवलं, टपाल खात्याच्या बायकांकडून दोनदा सपाटून मार खाल्ला. सामन्याहून आलं की परत टेबलाशी बसून राहिलेल्या जोड्या लावायच्या. मुकादमीण बाई म्हणायच्या, "तिकडे उड्या मारा नाहीतर कोलांट्या, माल सुटला पाहिजे."

काही वर्षांनी व्हॉलीबॉलच्या वरच्या मंडळाने ठरवलं की बायकांची स्पर्धा आता व्यावसायिक होणार. ज्या टीमला मुलींना बारा महिने पगार देता येईल, तिनेच उतरावं. बिस्किटवाल्यांनी कानावर हात ठेवले, मेणबत्तीवाले तर आधीच विझत आले होते. मोज्यांच्या मोठ्या साहेबांना मात्र पेपरात नाव यायची गोडी लागली होती. त्यांनी होकार दिला. थोरलीला टेबलावरून उठवून कायमचं मैदानावर पाठवलं. पहिले कित्येक दिवस तिला हात कुठे ठेवावेत तेच कळत नव्हतं. घरी जेवताना ती सगळ्यांचे चमचे जोडीने लावत बसायची, आणि चष्म्याचं दुकान चालवणारा तिचा नवरा म्हणायचा, "अगं, खाऊ दे की आता."

त्याच वर्षी बंदरावरच्या श्रीमंत टीमने धाकटीला मागणी घातली. आईला थोरलीने ते सांगितलं तेव्हा आई हातातलं काम टाकून उठली.

"मुलगा काय करतो?"

"आई, टीमने मागणी घातलीय. खेळायला."

"मग नीट सांगावं माणसाने," असं म्हणून आई परत बसली आणि टाकलेल्या कामाला लागली.

धाकटी गेली. जाताना म्हणाली, "ताई, तू पण चल. मी त्यांना सांगते."

"मी बुटकी आहे. मला कोण घेतंय?" थोरली म्हणाली. ते खरंही होतं, आणि मिस्त्रीला सोडून जाणं तिच्या जिवावर आलं होतं, हेही खरं होतं.

मोजे कारखान्याने एकदाच अजिंक्यपद मिळवलं, आणि तेही बंदराच्या टीमविरुद्ध. अंतिम सामन्यात चौथ्या सेटपर्यंत बरोबरी होती. पाचव्याच्या आधी मिस्त्रीने थोरलीला बाजूला घेतलं. "तुझी बहीण मागे आली की कुठे कमी पडते?"

थोरलीला विचार करावा लागला नाही. "उजव्या अंगाला. डावा पाय आधी टाकते, मग वळायला उशीर होतो."

पाचवा सेट सुरू झाला आणि कारखान्याच्या मुलींनी सर्व्हिसमागून सर्व्हिस धाकटीच्या उजव्या अंगाला टाकली. धाकटीला दोन गुणांतच कळलं. तिने नेटच्या जाळीतून बहिणीकडे एकदा बघितलं, कपाळावरचा घाम पुसला आणि परत वाकून उभी राहिली. तिने बरेच चेंडू काढले. सगळे काढणं कुणालाच जमलं नसतं.

आई प्रेक्षकांत होती. सगळे नाचत असताना ती मैदानात येऊन थोरलीच्या दंडाला धरून म्हणाली, "एवढ्या सहा जणी होत्या पलीकडे. तुला दुसरी कुणी दिसली नाही?"

धाकटी मागून आली. डोळे लाल झालेले, पण हसत होती. "आई, हिने नसतं केलं ना, तर मी हिला घरात घेतलं नसतं."

आईला ते पटलं नाही. तो चषक घरी दाखवायला आणला तेव्हा तिने तो दारामागे ठेवायला सांगितला.

त्यानंतरची वर्षं थोरलीला नीट वेगवेगळी आठवत नाहीत. मिस्त्री वारला. मोठ्या साहेबांच्या मुलाने कारखाना विकला आणि टीम वेगळी विकली. टीम सिमेंटवाल्यांची झाली, मग खाद्यतेलाची, मग विम्याची. दर वेळी छातीवरची अक्षरं बदलायची, रंग बदलायचा, नवा साहेब येऊन "आपण सगळे एक कुटुंब" असं म्हणायचा आणि दोन-तीन वर्षांत कुटुंबातून पाय काढायचा. थोरलीचा गुडघा गेला. ती खेळायची थांबली आणि मुलींना शिकवायला लागली, कारण टीममध्ये आधीपासून असलेली तीच एकटी उरली होती. नव्या मुली विचारायच्या, "मॅडम, या वर्षी आपण कोण?"

"तीच गं," थोरली म्हणायची. "फक्त शर्ट बदललाय."

शेवटी टीम गाद्यांच्या एका कंपनीकडे आली. सामना हरला की प्रेक्षक ओरडायचे, "झोपा आता!" आणि थोरलीला मनातून वाटायचं, झोपू देत तर बरं.

हंगाम अर्धा झाला असताना गाद्यावाल्यांनीही हात वर केले. टाय लावलेला एक तरुण अधिकारी सरावाच्या हॉलमध्ये आला. बूट वाजू नयेत म्हणून तो चवड्यांवर चालत होता. "मॅडम, कंपनीला पुढे जमणार नाही. मुलींना तुम्हीच सांगितलंत तर बरं. तुमचं ऐकतात."

"सांगते," थोरली म्हणाली. "पण हंगाम अर्धवट सोडला तर नियमाप्रमाणे या पोरींना पुढचं वर्षभर कुठेच खेळता येत नाही. ते माहीत आहे ना तुम्हाला?"

त्याला माहीत नव्हतं. तो खरोखरच ओशाळला. कंपनीकडून त्याने एवढंच मिळवलं की हंगाम संपेपर्यंत हॉल आणि प्रवासाचं भाडं राहील. बाकी काही नाही.

थोरलीने मुलींना गोल बसवलं आणि जे होतं ते सांगितलं. दोघी-तिघी रडल्या. दोघी दुसऱ्या दिवशी घरी निघून गेल्या, त्यांना तिने अडवलं नाही. राहिलेल्यांना म्हणाली, "उरलेले सामने खेळायचे. जिंकायचं म्हणून नाही. तुम्हाला बघायला लोक आले पाहिजेत म्हणून."

मग तिने फोन फिरवायला घेतले. इतक्या वर्षांत ज्यांच्याशी भांडली होती, ज्यांच्याविरुद्ध पंचांकडे तक्रारी केल्या होत्या, त्या सगळ्या प्रशिक्षकांना फोन. "माझी ती कुरळ्या केसांची मुलगी आहे ना, शनिवारी बघायला या. पाठीमागून चेंडू काढते." समोरचा माणूस येणार असला की त्या दिवशी खेळ त्या मुलीभोवती बांधायचा. मालीशवाला सोडून गेला होता. घोट्यांना पट्ट्या थोरलीच बांधायची, बसमध्ये डबे वाटायची, हॉटेलच्या खोल्यांत कोण कुणाबरोबर यावरून होणारी भांडणं मिटवायची. तिच्या नाकी नऊ आले होते. बसमध्ये बसली की खिडकीला डोकं टेकायच्या आधी डोळे मिटायचे.

कर्णधार मुलीला सगळे खांब म्हणत. उंची तशी, आणि नेटपाशी उभी राहिली की हलायची नाही. तिशी ओलांडलेली. तिच्या एक गोष्ट लक्षात आली आणि ती एका सामन्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत थोरलीसमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, आज तिसरा सेट आपला होता. तुम्ही मला बाहेर काढून त्या पोरीला पुढे आणलंत. का?"

"तिला बघायला माणूस आला होता."

"आणि सामना?"

"गेला सामना."

खांब बराच वेळ ओल्या टॉवेलने मान पुसत राहिली. "मग आधी सांगायचं ना," ती म्हणाली. "मी बाहेरून तिला आवाज दिला असता. ती घाबरली होती."

त्या दिवसापासून कुणाला पुढे आणायचं ते दोघी मिळून ठरवायला लागल्या. खांब स्वतः मागे सरायची, मुलींना हाताला धरून जागेवर उभं करायची. हरत-हरत हंगाम सरत आला, आणि एकेका मुलीला जागा मिळत गेली. कुणी उत्तरेकडे, कुणी परदेशात, एक तर विद्यापीठाच्या टीमला, शिक्षणासकट.

शेवटचा सामना बंदराच्या टीमशी होता. धाकटी तिथे आता व्यवस्थापक होती, केस पांढरे, गळ्यात ओळखपत्र. थोरलीच्या मुली तो सामनाही हरल्या. टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या आणि मग भूक लागली म्हणून निघून गेल्या.

दोघी बहिणी सामानाच्या खोलीत चटयांच्या थप्पीवर बसल्या. धाकटी म्हणाली, "ताई, आमच्याकडे सहायक प्रशिक्षकाची जागा आहे. मी वरच्यांशी बोललेय. पुढच्या महिन्यापासून ये."

थोरली बूट सोडत होती. नाडी ओढता-ओढता थांबली. "माझ्या खांबाला कुणी घेतलं नाही."

"वय झालं गं तिचं."

"खेळायला झालं असेल. ती जागा तिला दे."

"मी तुला विचारतेय!" धाकटी उसळली. "आयुष्यभर हेच केलंस. चेंडू उचलायचा आणि दुसरीला द्यायचा. एकदा तरी स्वतः मार की!"

"उपकार म्हणून नाही देत." थोरलीचा आवाज शांत होता. "मी दमले असते ना, तर पाणी पिऊन उठले असते. मी थकलेय. मला आता कुठल्याच बसमध्ये चढायचं नाही. आणि ती चांगली शिकवते, माझ्यापेक्षा चांगली. पोरी तिला घाबरत नाहीत. यातलं काहीही खोटं नाही, हवं तर एक महिना ठेवून बघ."

धाकटीने खाली वाकून थोरलीचा दुसरा बूट स्वतःच सोडला. "गुडघा केवढा सुजलाय," ती म्हणाली. "डॉक्टरला दाखवलास?"

"हंगाम संपल्यावर दाखवणार होते."

"मग संपला की."

खांबाला बोलावणं गेलं. आधी महिन्यापुरतं, मग वर्षाचं. टीमचं नाव मंडळाच्या यादीतून निघालं. हॉल एका फर्निचरवाल्याने गोदामासाठी घेतला. थोरलीच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. ती बरी होत असताना नवऱ्याने बिछाना खिडकीपाशी हलवला, आणि ती दिवसच्या दिवस झोपली. आधी घरच्यांना काळजी वाटली, नंतर त्यांनी आवाज कमी करायची सवय लावून घेतली.

एका दुपारी खांबाचा फोन आला. बंदरावरच्या पहिल्याच आठवड्यात ती रडकुंडीला आली होती. "मॅडम, पोरी ऐकतच नाहीत. एक तर तोंडावर म्हणाली, तुम्ही कुठल्या टीमच्या, ती तर बुडाली. काय करू मी?"

थोरलीने ऐकून घेतलं. खांब बोलून-बोलून मोकळी झाली, तिने नाक ओढलं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. थोरलीने फोन उशीवर कानाजवळ टेकवून ठेवला. खांबाचा आवाज तिला बराच वेळ ऐकू येत राहिला, मग तिचे डोळे मिटले.

पलीकडून खांबाने दोनदा हाका मारल्या. मग संथ श्वास ऐकून तिला कळलं. तिने हळूच फोन ठेवला आणि सरावाला गेली.